‘मे गुस्तारीआ’ म्हणजे नेमकं कोणतं ‘आवडेल’?

प्रश्न :
स्पॅनिश शिकतेय. ‘मे गुस्ता’ म्हणजे ‘मला आवडतं’, इथवर सगळं सरळ होतं. आता ‘ते गुस्तारा’ आणि ‘ते गुस्तारीआ’ अशी दोन रूपं आली आहेत आणि मराठीत मी दोन्हींना ‘तुला आवडेल’च म्हणतेय. पुस्तक पहिल्याला भविष्यकाळ म्हणतं, दुसऱ्याला ‘कोन्दिसिओनाल’. हे दुसरं म्हणजे संकेतार्थ म्हणावं, तर वाक्यात ‘जर’ कुठेच दिसत नाही. फरक ओळखायचा कसा?

प्रतिसाद :
गोंधळ स्पॅनिशचा नाही, आपल्या ‘आवडेल’चा आहे. ते दोन कामं करतं. ‘हा पिक्चर बघ, तुला आवडेल’ हे भाकीत झालं. तिथे ‘ते गुस्तारा’, आणि रोजच्या बोलण्यात बहुधा ‘ते बा आ गुस्तार’. ‘आमच्याबरोबर यायला आवडेल का?’ ही मात्र विचारणा आहे. तिथे ‘ते गुस्तारीआ बेनीर?’. पहिल्यात बोलणाऱ्याला खात्री आहे. दुसऱ्यात तो निर्णय समोरच्यावर सोडतो, आणि ‘जमत असेल तर’, ‘हरकत नसेल तर’ हे न बोलता गृहीत धरतो. तुमचं हरवलेलं ‘जर’ तिथे आहे. ‘-यला आवडेल’ दिसलं की ‘-रीआ’ घ्यावं, हे बहुतेकदा जमतं. पण ‘पुण्यात राहायला आवडेल तुला, बघच’ हे पुन्हा भाकीतच.

आता याची दुसरी बाजू, जी पुस्तकं सहसा सांगत नाहीत. लग्न उद्या आहे, तुमची परीक्षाही उद्याच. मराठीत आपण म्हणतो, ‘यायला आवडलं असतं, पण परीक्षा आहे.’ गोष्ट उद्याची, तरी क्रियापद भूतकाळी वळणाचं. स्पॅनिशमध्ये इथे साधं ‘मे गुस्तारीआ इर, पेरो...’ पुरतं. संधी खरोखर हुकली असेल, लग्न होऊन गेलं असेल, तर ‘मे आब्रीआ गुस्तादो इर’ किंवा ‘मे उबिएरा गुस्तादो इर’; दोन्ही बरोबर, दुसरं कानावर जास्त पडतं. म्हणजे ‘गुस्तारीआ’ आपल्या ‘आवडेल’चा अर्धा भाग आणि ‘आवडलं असतं’चा अर्धा भाग व्यापतं. एका शब्दाला एक शब्द जोडत बसलात तर कायम अडखळाल.

रूप सोपं आहे. अख्खं मूळ क्रियापद घ्यायचं (गुस्तार) आणि पुढे ‘-ईआ’ लावायचं. हा प्रत्यय म्हणजे ‘आबेर’ या सहायक क्रियापदाचं झिजलेलं भूतकाळी रूप. भविष्यकाळाचे प्रत्यय त्याच्याच वर्तमानकाळातून आले. म्हणून तर दोन्ही रूपं भावंडांसारखी दिसतात. आन्द्रेस बेल्यो यांनी 1847 च्या आपल्या व्याकरणात याला ‘पोस्प्रेतेरितो’ म्हटलं, म्हणजे भूतकाळात उभं राहून पुढे पाहणारा काळ. मेक्सिकोच्या शाळांत हे नाव आजही चालतं. मला ते ‘कोन्दिसिओनाल’पेक्षा पटतं. ‘दिहो के ले गुस्तारीआ’ म्हणजे ‘आवडेल म्हणाला’. इथे अट कुठे आहे? मराठी त्याचे शब्द जसेच्या तसे ठेवते, स्पॅनिश क्रियापद मागे सरकवते, एवढंच.

प्रतिसाद :
आवडणाऱ्याला कर्ता न करता ‘ला’ लावणं आपल्याला आयतंच येतं, पण त्यामुळेच एक चूक हमखास होते. आपण ‘ह्वानला आवडेल’ म्हणतो, ‘ला’ एकदाच. स्पॅनिशमध्ये ‘आ ह्वान’ म्हटल्यावरही ‘ले’ (त्याला) लागतंच : ‘आ ह्वान ले गुस्तारीआ’. ते गाळू नका. बाकी वचन जुळतं : आंबे आवडतील, ‘गुस्तारीआन’. मात्र ‘गायला आणि नाचायला आवडेल’ म्हणताना कृती कितीही असल्या तरी एकवचनच.

शेजारच्या पोर्तुगीजमध्ये हा प्रकार नाही. तिथे आवडणारा सरळ कर्ता असतो, ‘एउ गोस्तारीआ द’. गोव्यात कुणी आधी पोर्तुगीज शिकलं असेल तर ‘यो (मी) गुस्तारीआ’ असं चुकीचं तोंडात येण्याची शक्यता दाट.

प्रश्न :
मग कॅफेत ‘मे गुस्तारीआ उन काफे’ म्हटलं तर चालेल ना?

प्रतिसाद :
समजेल, पण धड्यातलं वाटेल. स्पेनमध्ये काउंटरवर लोक ‘मे पोनेस उन काफे?’ (मला एक कॉफी देतोस?) असं थेट विचारतात आणि त्यात उद्धटपणा नसतो. दुकानात ‘केरीआ...’ फार ऐकू येतं. हा साधा अपूर्ण भूतकाळ. आपण दुकानदाराला ‘एक दोनशे पानी वही हवी होती’ म्हणतो ना, अगदी तेच. हवी आत्ताच असते, पण भूतकाळाने मागणी मऊ होते. ‘किसिएरा’ त्याहून अदबीचं. लिहिताना ‘केरीआ’त एक र आणि संकेतार्थी ‘केर्रीआ’त दोन, एवढं सांभाळा.

प्रतिसाद :
भावनांच्या क्रियापदांसोबत या रूपाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो माझा सर्वांत आवडता : गेलेल्या गोष्टीबद्दलचा अंदाज. ‘नो बिनो. ले दारीआ बेर्ग्वेन्सा.’ आला नाही. लाज वाटली असेल. ‘सेरीआन लास दिएस’, दहा वाजले असतील. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळत नाही, तेव्हा दोन्ही भाषा ठाम बोलत नाहीत. मराठीत ‘असेल’, स्पॅनिशमध्ये ‘-रीआ’.

‘बेर्ग्वेन्सा’ऐवजी ‘पेना’ वापराल तर कुठे बोलताय ते बघा. स्पेनमध्ये ‘मे दारीआ पेना’ म्हणजे वाईट वाटेल, कीव येईल. मेक्सिको, कोलंबियात बहुधा संकोच वाटेल.

प्रश्न :
आणि ‘तू आलीस तर आवडेल’?

प्रतिसाद :
‘मे गुस्तारीआ के बिनिएरास.’ दोन वेगळ्या व्यक्ती आल्या की ‘के’ आणि पुढे सुब्हुन्तिबोचा, म्हणजे इच्छा-शक्यता दाखवणाऱ्या क्रियारूपाचा, भूतकाळ. ‘मे गुस्ता के बेंगास’ म्हणजे तू येतेस ते आवडतं, तिथे वर्तमान.

‘सी’ म्हणजे ‘जर’. त्याच्या लगेच पुढे ‘-रीआ’ घालू नका : ‘सी तुबिएरा तिएम्पो, मे गुस्तारीआ...’, वेळ असता तर आवडलं असतं. उत्तर स्पेनमध्ये, बास्क प्रदेश आणि बुर्गोसच्या बाजूला, ‘सी तुबिएरा’ऐवजी ‘सी तेन्द्रीआ’ सर्रास ऐकाल. ते तिथल्या बोलीतलं आहे, परीक्षेत मात्र कापतील.