−१७ ला ५ ने भागल्यावर बाकी नक्की किती?

वहीत सोडवलं तर बाकी ३ येते. सी या प्रोग्रामिंग भाषेत −१७ % ५ चं (% म्हणजे बाकी काढण्याचं चिन्ह) उत्तर −२ छापलं जातं, पायथन भाषेत ३. परीक्षेत काय लिहायचं? आणि दोन भाषांत फरक का?

उत्तर १
परीक्षेत ३ लिहा. भागाकाराच्या प्रमेयात बाकी शून्य किंवा त्याहून मोठी आणि ५ पेक्षा लहान असावी लागते. −१७ = ५ × (−४) + ३, दुसरा पर्याय नाही.

फरक बाकीत दिसतो, पण तो सुरू होतो भागाकारापासून. −१७ ÷ ५ = −३.४. सी दशांश भाग छाटून −३ घेते, पायथन खालचा पूर्णांक −४ घेते. मग भाज्य = भाजक × भागाकार + बाकी हे दोन्हीकडे खरं ठरतं. (१९९९ च्या मानकाआधी सी मध्ये ऋण संख्यांसाठी हे कंपायलरवर, म्हणजे कोड यंत्रभाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामवर, सोडलेलं होतं.)

−२ आणि ३ एकाच तुल्यता वर्गात (५-५ च्या फरकाने येणाऱ्या संख्यांच्या गटात) आहेत: …−१७, −१२, −७, −२, ३, ८… खरी चूक होते ती १७ ची बाकी २ काढून तीच −१७ ला चिकटवण्यात. −१७ − २ = −१९, त्याला ५ ने भाग जात नाही.

उत्तर २
वर्तुळाकार क्यूमध्ये (शेवटच्या जागेनंतर पुन्हा पहिली जागा येते अशा रांगेत) हे हमखास नडतं. आकार ५, स्थान ०, एक पाऊल मागे: (० − १) % ५ म्हणजे सी मध्ये −१. ॲरेच्या (रांगेच्या जागा साठवणाऱ्या यादीच्या) बाहेरची मेमरी वाचली जाते आणि प्रोग्राम बंद पडेलच असं नाही, म्हणून चूक लवकर सापडत नाही. एकच पाऊल असेल तर (स्थान − १ + आकार) % आकार पुरे. कितीही पावलं असतील तर ((अ % न) + न) % न (अ म्हणजे संख्या, न म्हणजे आकार). आतला % गाळू नका: −१७ + ५ = −१२, त्याची बाकी पुन्हा −२.

विषम संख्या तपासतानाही अ % २ == १ लिहू नका, सी मध्ये −७ ला ते फसतं, कारण बाकी −१ येते. बाकी शून्य नाही ना, एवढंच पाहा.

प्रश्नकर्ता
माझ्या प्रोग्राममध्ये तर एकदा ४ आलं! आकार अनसाइन्ड (ऋण संख्या न ठेवणारा प्रकार) ठेवला होता.

उत्तर ३
तेच कारण. एक बाजू अनसाइन्ड असली की −१७ चंही रूपांतर होतं. ३२ बिटांत ते २³² − १७ = ४२९४९६७२७९, शेवटचा अंक ९, म्हणून बाकी ४. आकार ८ किंवा १६ असता तर उत्तर बरोबर आलं असतं, कारण २³² ला त्यांनी निःशेष भाग जातो. म्हणून चाचणी ५ किंवा ७ आकारावर घ्या.

उत्तर १ ला पुरवणी: 'पायथन म्हणजे गणितातलं उत्तर' असं पाठ करू नका. १७ % −५ पायथनमध्ये −३ येतं, सी मध्ये २. प्रमेयाप्रमाणे इथे सी चं २ बरोबर.