ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये पुढच्या पिढीचा प्रोसेसर बसवता येईल का?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे एका नामांकित कंपनीचा मिनी टॉवर प्रकारातला ब्रँडेड डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलचा कोअर आय३-१२१०० प्रोसेसर, बी६६० चिपसेटचा (प्रोसेसर आणि इतर भाग यांचा मेळ घालणारी चिप) मदरबोर्ड, ८ जीबीची एकच डीडीआर४ रॅम आणि २६० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. पत्रव्यवहार आणि हिशेब यांसाठी हा संगणक उत्तम चालत होता, परंतु आता मी व्याख्यानांची चित्रमुद्रणे संपादित करू लागलो आहे. आवाजातली खरखर काढणे, दोन कॅमेऱ्यांचे चित्रण जुळवणे आणि शेवटी संपूर्ण फाइल तयार करणे, यांपैकी शेवटचे काम सुरू असताना संगणकावर दुसरे काहीही करता येत नाही.

माझ्या मदरबोर्डचे सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची जागा) एलजीए१७०० आहे आणि त्यात इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या अशा तीनही पिढ्यांचे प्रोसेसर बसतात, असे वाचले. त्यामुळे १३व्या पिढीचा आय७-१३७०० घ्यावा असा विचार आहे. तो सरळ बदलून बसवता येईल का, आणि ब्रँडेड संगणक असल्याने आणखी काय तपासून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

सॉकेट जुळणे ही केवळ पहिली अट आहे आणि ब्रँडेड संगणकात तर ती सर्वांत सोपी अट असते. सॉकेट तेच असूनही प्रोसेसर चालत नाही, असे इंटेलच्या बाबतीत याआधीही घडले आहे. २०१७ मध्ये आलेली ८वी पिढी एलजीए११५१ याच नावाच्या सॉकेटची होती, पण त्याआधीच्या १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर ती चालत नाही, कारण पिनांची विद्युत जोडणी बदललेली होती. पुढे एलजीए१२०० सॉकेटमध्ये १०वी आणि ११वी या दोन्ही पिढ्या बसत असल्या, तरी मूळ एच४१० आणि बी४६० चिपसेटवर ११व्या पिढीला अधिकृत मान्यता मिळाली नाही. आपल्या ६०० मालिकेच्या चिपसेटची स्थिती त्या मानाने चांगली आहे, कारण १३वी आणि १४वी पिढी त्यावर चालू शकते. मात्र त्यासाठी बायोस (संगणक सुरू करणारे, मदरबोर्डमधले सॉफ्टवेअर) अद्ययावत असावा लागतो, आणि खरी मेख तिथेच आहे.

सुटा विकला जाणारा मदरबोर्ड असेल, तर त्याची कंपनी चालणाऱ्या प्रोसेसरची यादी जाहीर करते आणि नव्या पिढीसाठी बायोसही देते. ब्रँडेड संगणकाचा मदरबोर्ड मात्र त्या एका मॉडेलपुरता घडवलेला असतो. त्याचा बायोस संगणकाच्या कंपनीकडूनच मिळतो आणि त्या कंपनीने नव्या पिढीची ओळख त्यात घातली नसेल, तर चिपसेटची पात्रता असूनही पडद्यावर काहीच उमटत नाही. म्हणून आपल्या मॉडेलच्या पानावरून बायोसच्या प्रत्येक आवृत्तीसोबतची टीप आणि सर्व्हिस मॅन्युअल या दोन गोष्टी आधी उतरवून घ्याव्यात. मॅन्युअलमध्ये ते मॉडेल कोणकोणत्या प्रोसेसरसह विकले गेले आणि कोणत्या प्रोसेसरसोबत कोणता हीटसिंक दिला गेला, हे बहुधा नोंदवलेले असते. सर्वांत विश्वासाची यादी तीच, असे मी मानतो.

दुसरा मुद्दा विजेचा. आय३-१२१००ची मूळ मर्यादा ६० वॅट असून टर्बोमध्ये (कामाचा ताण आल्यावर वेग वाढवताना) तो ८९ वॅटपर्यंत जातो. आय७-१३७००ची मूळ मर्यादा ६५ वॅटच आहे, परंतु टर्बोमध्ये तो २१९ वॅटपर्यंत मागणी करू शकतो. खोक्यावरचा ६५ हा आकडा पाहून दोन्ही सारखेच समजण्याची चूक सहज होते. एवढी वीज मदरबोर्डवरच्या व्हीआरएमला (प्रोसेसरला योग्य दाबाने वीज देणाऱ्या भागाला) पेलली पाहिजे, २६० वॅटच्या एसएमपीएसने ती दिली पाहिजे आणि त्यातून निघणारी उष्णता हीटसिंकने बाहेर टाकली पाहिजे. यांतले एकही जमले नाही, तर प्रोसेसर सहसा जळत नाही, तो बहुधा आपला वेग उतरवतो; वीजच अपुरी पडली, तर संगणक बंदही पडू शकतो. म्हणजे पैसे आय७-१३७००च्या १६ कोअरचे (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणना करणाऱ्या भागांचे) मोजायचे आणि काम त्याहून पुष्कळ कमी दर्जाचे घ्यायचे, असा व्यवहार होतो. मोठा एसएमपीएस लावू म्हटले, तर तेही बहुतेक ब्रँडेड संगणकांत सोपे नसते, कारण त्यांचे कनेक्टर नेहमीच्या एटीएक्स पद्धतीचे नसतात आणि हार्ड डिस्कची वीजसुद्धा अनेकदा मदरबोर्डमधूनच येते.

जुना, वापरलेला आय७-१३७०० घेण्याचा विचार असेल, तर आणखी सावध राहावे. १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या दर्जाच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता निर्माण होत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले आणि त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची बायोसमधून मिळणारी दुरुस्ती) दिला. हा मायक्रोकोड पुढचे नुकसान रोखतो. आधीच झालेले नुकसान त्याने भरून येत नाही, आणि वापरलेला प्रोसेसर कोणत्या बायोसवर किती काळ चालला हे बाहेरून कळत नाही.

प्रतिसाद २

वरील विवेचन मान्य आहे, परंतु क्रमाबाबत माझे मत वेगळे आहे. ८ जीबीची एकच रॅम असताना प्रोसेसरपासून सुरुवात करणे मला योग्य वाटत नाही. एक रॅम म्हणजे एकच चॅनेल. आपले ग्राफिक्स प्रोसेसरमधलेच असल्याने तेही याच मेमरीवर अवलंबून आहे आणि या एका वाटेवर दोघांचीही अडवणूक होते. फाइल तयार होत असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आलेख पाहावा. तो टोकाला टेकलेला असेल आणि त्याच वेळी डिस्कही सतत व्यग्र दिसत असेल, तर संगणक अडखळण्याचे मोठे कारण मेमरी अपुरी पडणे हे आहे. एकसारख्या दोन १६ जीबी रॅम बसवल्यावर प्रोसेसर न बदलताही फरक जाणवेल, आणि मग प्रोसेसरची खरी गरज किती उरते हे मोजता येईल.

याशिवाय एक गोष्ट चित्रसंपादनासाठी महत्त्वाची आहे. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची चित्रफितींची वेगळी यंत्रणा असते. आपल्या आय३ मध्ये यूएचडी ७३० असून त्यात अशी एकच यंत्रणा आहे. आय५-१२५००, आय५-१३५०० आणि आय७-१२७०० यांमध्ये यूएचडी ७७० असते आणि त्यात अशा दोन यंत्रणा असतात. आपले सॉफ्टवेअर क्विक सिंक वापरत असेल, तर निवड करताना कोअरच्या संख्येइतकेच याकडे लक्ष द्यावे. नावाच्या शेवटी एफ असलेला प्रोसेसर स्वस्त पडतो म्हणून कदापि घेऊ नये. त्यात अंगभूत ग्राफिक्स चालू नसते आणि आपल्याकडे वेगळे कार्ड नसल्याने मॉनिटर जोडायलाही जागा उरणार नाही.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले. फाइल तयार होत असताना प्रोसेसर पूर्ण क्षमतेने चालतो, मेमरीही जवळजवळ भरलेली असते आणि डिस्क अधूनमधून व्यग्र दिसते. त्यामुळे दोन्ही बदल करावे लागतील असे दिसते. रॅम आधी बदलत आहे.

सर्व्हिस मॅन्युअलमध्ये याच मॉडेलसाठी आय३-१२१००, आय५-१२४००, आय५-१२५०० आणि आय७-१२७०० एवढे प्रोसेसर दिले आहेत. हीटसिंक दोन प्रकारचे असून आय७ साठी तांब्याच्या नळ्या असलेला, उंच हीटसिंक दाखवला आहे. एसएमपीएस सर्वांसाठी २६० वॅटचाच आहे. बायोसच्या एका नंतरच्या आवृत्तीच्या टिपेत पुढच्या पिढीच्या प्रोसेसरसाठी सुधारणा केल्याचे म्हटले आहे, परंतु त्यात कोणत्याही मॉडेलचे नाव नाही. अशा स्थितीत आय५-१३५०० घ्यावा की आय७-१२७००?

प्रतिसाद ३

आय७-१२७०० घ्यावा, असे मी निःसंकोच सुचवेन. आपल्या संगणकाच्या कंपनीने हाच मदरबोर्ड आणि हाच एसएमपीएस त्या प्रोसेसरसह विकला आहे, याहून मोठी खात्री कोणतीही यादी देऊ शकत नाही. टिपेतले मोघम वाक्य वाचून आय५-१३५०० विकत घेणे आणि तो चालू न झाल्यास परत करण्याची खटपट करणे, हे कशासाठी?

पिढीचा आकडा मोठा म्हणजे आतली रचना नवी, असेही प्रत्येक वेळी नसते. १३व्या पिढीच्या आय७-१३७०० मध्ये प्रत्येक पी-कोअरसाठी (मोठ्या, वेगवान कोअरसाठी) २ एमबी एल२ कॅशे (प्रोसेसरमधली जलद मेमरी) आहे, तर आय५-१३५०० मध्ये ती १.२५ एमबी, म्हणजे १२व्या पिढीइतकीच आहे. आय५-१३५०० मधला मुख्य फरक ई-कोअर (छोटे, कमी वीज घेणारे कोअर) वाढवण्याचा आहे: ६ पी-कोअर आणि ८ ई-कोअर. आय७-१२७०० मध्ये ८ पी-कोअर आणि ४ ई-कोअर आहेत. दोघांचेही थ्रेड (एकाच वेळी चालवता येणारी कामे) २० भरतात, एल३ कॅशे अनुक्रमे २४ आणि २५ एमबी आहे आणि ग्राफिक्स दोघांतही यूएचडी ७७० आहे. ४ कोअर आणि ८ थ्रेडच्या आय३ वरून येणाऱ्याला यांपैकी कोणताही प्रोसेसर मोठी झेप वाटेल. वर उल्लेख झालेल्या अस्थिरतेच्या प्रश्नापासून १२वी पिढी दूर आहे, हाही एक फायदा आहे.

दोन अटी मात्र पाळाव्यात. आय७ साठी दाखवलेला उंच हीटसिंकच मिळवावा आणि तो त्याच पार्ट नंबरचा असावा. एलजीए१७०० साठी बाजारात मिळणाऱ्या कूलरची भोके ७८ मिलिमीटर अंतरावर असतात, पण ब्रँडेड मदरबोर्डवर हे अंतर आणि स्क्रूची पद्धत वेगळी असू शकते. पंख्याची पिनही काही ठिकाणी वेगळी असते आणि तो ओळखला गेला नाही, तर प्रत्येक वेळी सुरू होताना संगणक पंख्याची चूक दाखवून थांबतो. दुसरी अट विंडोजची. आय३-१२१०० मध्ये फक्त पी-कोअर आहेत, त्यामुळे दोन प्रकारच्या कोअरमध्ये काम वाटण्याचा प्रश्न आजवर आलाच नव्हता. ही वाटणी विंडोज ११ अधिक चांगली करते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला असल्याने, अजून ती आवृत्ती असेल तर आधी बदलून घ्यावी.

प्रतिसाद ४

निवड ठरली आहे, म्हणून प्रत्यक्ष बदलाविषयी थोडे लिहितो. बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अद्ययावत करावा. त्याआधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा विदा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहावे. विंडोज ११ मध्ये ते अनेकदा आपोआप चालू झालेले असते. बायोस किंवा प्रोसेसर बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते आणि ती हाताशी नसेल, तर सगळा विदा आत अडकतो. की कागदावर उतरवून घ्यावी आणि बदल पूर्ण होईपर्यंत संरक्षण तात्पुरते थांबवावे. विंडोजच्या परवान्याची चिंता सहसा नसते, कारण ब्रँडेड संगणकात त्याची की मदरबोर्डच्या बायोसमध्ये असते.

हीटसिंक काढण्यापूर्वी संगणक काही वेळ चालवून कोमट करावा, म्हणजे जुनी थर्मल पेस्ट मऊ होते. मग वीजजोड पूर्ण काढून हीटसिंक हलकेच डावीउजवीकडे फिरवत उचलावा. या सॉकेटमध्ये पिना मदरबोर्डवर असतात आणि त्या केसासारख्या बारीक असल्याने प्रोसेसर कडेने धरून सरळ वर उचलावा आणि नवा तसाच सरळ खाली ठेवावा. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण आणि कडेच्या खाचा जुळल्या की तो स्वतःच्या वजनाने बसतो. दाबावे लागत असेल, तर काहीतरी चुकते आहे. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी पेस्ट मध्यभागी थोडी घालावी आणि हीटसिंकचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळावेत.

पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. मेमरीची नव्याने जुळणी होत असते, तेव्हा घाईने बटण दाबून संगणक बंद करू नये. विंडोज सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये १२ कोअर आणि २० थ्रेड दिसतात का ते पाहावे आणि मग आपलीच एखादी मोठी फाइल तयार करायला लावून एचडब्ल्यूइन्फो (तापमान, वेग आणि वीज दाखवणारे सॉफ्टवेअर) उघडे ठेवावे. तापमान १०० अंश सेल्सिअसला टेकून वेग उतरत असेल, तर हीटसिंक नीट बसलेला नाही किंवा पेस्ट पसरलेली नाही, असे समजून तो पुन्हा बसवावा. तापमान त्याच्या बरेच खाली असूनही वीजमर्यादेची खूण दिसत असेल, तर ती संगणकाच्या कंपनीने बायोसमध्ये घातलेली मर्यादा आहे. ती बहुतेक ब्रँडेड मॉडेलमध्ये बदलता येत नाही आणि त्यासाठी हीटसिंक उघडण्याचे कारण नाही.