काकांनी कुवेतवरनं आणलेली रिमोटची बोट परत पाण्यात सोडायची आहे, कुठनं सुरू करू?

शहापूरकर:
नमस्कार मंडळी. माळा साफ करताना जुनी रिमोटची बोट सापडली, आमचे काका कुवेतला असताना त्यांनी आणलेली. हातभर लांब, प्लॅस्टिकची, मागं दोन पंखे आहेत पण सुकाणू नाही. रिमोटवर २७ मेगाहर्ट्झ लिहिलंय आणि ती लांब ओढायची अँटेना आहे. बोटीतला बॅटरीचा पॅक ७.२ व्होल्टचा निकेल कॅडमियम, तो तर मेलाच आहे, कनेक्टरवर पांढरा हिरवा थर साचलाय. एक मोटर हातानं फिरते, दुसरी जाम. पुढं नाकाला चीर गेलीय. दिवाळीला घरातली सगळी पोरं एकत्र येतात, त्यांना चालवायला द्यायची आहे, शोकेसमध्ये ठेवायची नाही. एकजण म्हणूलालाय आतलं सगळं काढून टाक आणि नवीन २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट-रिसीव्हर सेट बसव. पण मला काकांचा तोच रिमोट चालू व्हावा असं वाटूलालंय. कुणी केलंय काय असलं काम?

उद्यमबाग_लेथ:
शहापूरकर, आधी काहीच काढू नका की ओ. सुकाणू नाही म्हणजे ती दोन मोटरवर वळणारी आहे, डावी बंद केली की बोट डावीकडं वळते. असल्या बोटीत नवीन २.४ चा सेट टाकायचा म्हटलं तर दोन स्पीड कंट्रोलर लागतात आणि रिमोटमध्ये मिक्सिंग, म्हणजे वळवताना दोन्ही मोटरचा वेग आपोआप कमीजास्त करायची सोय, पण पाहिजे, साधा दोन चॅनलचा स्वस्तातला सेट घेतला तर डोकं धरून बसाल. म्हणून जुनं चालत असलं तर तेच ठेवा. आणि तो मेलेला पॅक कचऱ्यात टाकू नका, कॅडमियम विषारी आहे, ई-कचरा घेणाऱ्याकडंच द्या.

कनेक्टरवरचा थर घालवायला कापसाच्या काडीनं व्हिनेगर नाहीतर लिंबाचा रस लावा, पॅकमधनं गळलेला तो अल्कली असतो, आंबटानं मरतो. मग पाण्यानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तांबं आतपर्यंत काळं पडलं असलं तर ती वायर कापून नवीन सोल्डर करा.

जाम मोटरला जोर लावू नका. बऱ्याच वेळा मोटर बरी असते आणि शाफ्टच्या (पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या) नळीतलं जुनं ग्रीस वाळून दगड झालेलं असतं, तेव्हा आधी मोटर आणि शाफ्ट जोडणारं कपलिंग सोडवून दोन्ही वेगळं फिरवून बघा. मोटर मोकळी निघाली तर बुशला, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कड्याला, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, जास्त नको, तेल ब्रशवर गेलं की परत घाण धरते. शाफ्ट बाहेर ओढून नळी साफ करा आणि नवीन ग्रीस ठासून भरा, पाणी आत न येण्याचं खरं काम तेच ग्रीस करतं. आत रबरी रिंग असली तर सिलिकॉन ग्रीसच घ्या, गाडीच्या ग्रीसनं रबर फुगू शकतं. बुश झिजला असला तर आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही लेथवर पितळेचा करून मिळतो, फक्त जुना शाफ्ट सोबत न्या, माप त्याच्यावरनंच घेतात.

निपाणीचा_इलेक्ट्रॉनिक:
बरोबर सांगितलंय. मी बॅटरीचं तेवढं सांगतो. निकेल मेटल हायड्राइडचे सहा सेल घ्या, १.२ गुणिले ६ म्हणजे तेच ७.२ व्होल्ट. नवीन पोरं लगेच लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, घाला म्हणतात, दोन सेलच्या लिपोचं व्होल्टेज पण जवळजवळ जुळतं, खरंय, पण तुमच्या जुन्या बोर्डाला बॅटरी उतरल्यावर बंद करायची सोय नसणार, पोरं बोट थांबेपर्यंत चालवणार आणि लिपोचा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब. फुगलेली लिपो परत चार्ज करणं म्हणजे आग लावून घेणं. पोरांच्या घरात नको ते. आणि जुना चार्जर पण वापरू नका, त्याला चार्ज झाल्यावर आपोआप बंद व्हायचा ऑटो कट नसतो, सेल रात्रभर तापत बसतात.

मोटर उघड्या आहेतच तर १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर दोन्ही टर्मिनलमध्ये लावलेला आहे काय बघा. नसला किंवा तुटला असला तर लावा, ब्रशच्या ठिणग्यांनी बोटीतला सिग्नल घेणारा रिसीव्हर गोंधळतो आणि मग मोटर चालू झाली की रिमोट ऐकत नाही. चालू करताना आधी रिमोट, मग बोट. बंद करताना आधी बोट. हे पोरांना पहिल्याच दिवशी शिकवा.

खानापूर_मलप्रभाकाठ:
चिरेचं कुणी बोललं नाही. आतल्या बाजूनं, दिसणार नाही तिथं ॲसिटोनचा एक थेंब लावून बघा. चिकट झालं तर एबीएस किंवा तसलंच प्लॅस्टिक, मग एबीएसचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून लापशी करा आणि आतनं चिरेवर भरा, वाळलं की एकजीव होतं. काहीच झालं नाही तर ते पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन असू शकतं, त्याला कुठलाच गोंद धड धरत नाही. इन्स्टंट गोंदावर विसंबू नका, तो कडक होतो आणि मोटरच्या कंपनानं परत तडकतो. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा म्हणजे चीर पुढं सरकत नाही.

सगळं पूर्ण वाळल्यावर नाकात आणि बाजूला थर्माकोल ठासा, पाणी भरलं तरी बोट तळाला जाणार नाही. ओल्या ॲसिटोनजवळ नका ठेवू, थर्माकोल विरघळतो. मग आत टिश्यू पेपर पसरून घरच्या हौदात अर्धा तास तरंगत ठेवा. कागद कुठं भिजलाय बघितलं की पाणी नळीतनं येऊलालंय की झाकणातनं ते कळतं.

अनगोळची_आक्का:
भाऊ, बोट होईल नीट, पण चालवणार कुठं? आता सगळीकडं शेततळी झालीत, कृषी होंडा म्हणतात ती, पाणी शांत दिसतं म्हणून लोक पोरांना तिथंच नेतात. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्याचा काठ इतका निसरडा असतो की मोठा माणूस पडला तरी वर येता येत नाही. तिथं नकोच. राकसकोपच्या धरणावरही नको, ते बेळगाव शहराचं प्यायचं पाणी आहे. खानापूरकडं नदीवर जाणार असाल तर पावसाचा जोर ओसरल्यावर, उथळ संथ जागा बघून, नाहीतर हवा भरून फुगवायचा मोठा टब अंगणात पाण्यानं भरा, बारक्यांना तेवढं पुरतं. बोट मधेच बंद पडली तर कुणीच पाण्यात उतरायचं नाही. मासे धरायच्या दोरीला टेनिस बॉल बांधून बोटीच्या पलीकडं टाका आणि हळू ओढून घ्या. आणि बोट हातात असताना स्विच बंदच पाहिजे, त्या पंख्यात बोटं जातात पोरांची.

शहापूरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. मोटर खरंच बरी निघाली, नळीतलं ग्रीसच वाळलेलं. नवीन सेल जोडले आणि काकांच्या रिमोटनं दोन्ही पंखे फिरले! घरात सगळे बघायला गोळा झाले. चिरेचं पण झालं, हौदात टिश्यू कोरडा राहिला. आता एकच अडचण, अंगणाच्या पलीकडं नेली की बोट ऐकत नाही.

निपाणीचा_इलेक्ट्रॉनिक:
वा, झकास! बोटीतली अँटेनाची वायर तुटलीय काय बघा, बहुतेक तीच असणार. बोर्डावरनं निघालेली एकटी बारीक वायर असते, ती कापलेली किंवा गुंडाळून आत कोंबलेली असली की रेंज जाते. जुना तुकडा सापडला तर तेवढ्याच लांबीची नवीन वायर सोल्डर करा, नाही सापडला तर साधारण अर्धा मीटर घ्या आणि पातळ प्लॅस्टिकच्या नळीतनं वर उभी काढा, पाण्याला लागू देऊ नका. रिमोटची अँटेना पूर्ण ओढा आणि तिचं टोक बोटीकडं रोखू नका, उभी धरा, टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी जातो. एवढं करून पण तसंच राहिलं तर बोर्डाचा फोटो टाका, बघू.