रडारला न दिसणारा बर्फ

रडार असताना विमान वादळात शिरतंच कसं, असा प्रश्न पडतो. गोम अशी की रडारला पाण्याचे थेंब छान दिसतात, बर्फाचे कोरडे स्फटिक फारसे नाहीत. आणि ३५ हजार फुटांवर ढगाच्या माथ्यात असतात ते स्फटिकच. म्हणून अँटेना किंचित खाली झुकवून ढगाचं ओलं पोट बघायचं. नुसतं नाकासमोर बघितलं तर पडदा जवळपास कोरा! मग साधारण २० सागरी मैल लांबून, जमल्यास वारा येतो त्या बाजूने वळसा. समुद्रावर हवाई वाहतूक नियंत्रणाकडून वळण्याची परवानगी वेळेत मिळाली नाही तर वैमानिक स्वतःच्या अधिकारात वळतो, आसपासच्या विमानांना रेडिओवर कळवतो.

१ जून २००९ ला अटलांटिकमध्ये पडलेल्या एअर फ्रान्स ४४७ च्या वेगमापक नळ्या अशाच स्फटिकांनी थोडा वेळ तुंबल्या होत्या. त्या रात्री त्याच पट्ट्यातल्या इतर काही विमानांनी चांगलाच लांबचा वळसा घेतला होता.