आमदारसाहेब महिला आरक्षण, सीमाप्रश्न आणि बँक, तिन्हीवर बोलले. यातलं त्यांच्या हातात नेमकं काय आहे?

गडहिंग्लजकर
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आमच्या भागातल्या एका आमदारांचं भाषण ऐकलं, तिन्ही विषय जिव्हाळ्याचे. विधानसभेत बायकांना ३३ टक्के जागा मिळाल्याच पाहिजेत, बेळगाव-निपाणीसकट सीमाभाग महाराष्ट्रात आलाच पाहिजे आणि सहकारी बँकेतल्या ठेवीदारांना पै न पै परत मिळाली पाहिजे. माझी थोरली बहीण निपाणीला दिलीय आणि वडिलांच्या रिटायरमेंटचे पैसे एका नागरी बँकेत रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांमुळे अडकलेत, त्यामुळे हे सगळं माझ्या घरातलंच आहे. बायकोने विचारलं की यातलं हे स्वतः काय करणार आहेत, तर मला उत्तर देता येईना. पुढच्या महिन्यात ते गावात येणारेत, तेव्हा उभं राहून विचारायचंय. जाणकारांनी सांगा, पक्षांची भांडणं नकोत प्लीज.

रानजाई
पहिल्या विषयाचं मी सांगते. ३३ टक्क्यांचा कायदा झालाय ओ, सप्टेंबर २०२३ मध्येच, १०६ वी घटनादुरुस्ती, लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी. पण त्यातच लिहून ठेवलंय की पुढची जनगणना होणार, तिच्यावरून मतदारसंघांची फेररचना होणार आणि मग आरक्षण लागू होणार. त्यात आमदाराचा काही रोल नाही. आणि विधान परिषदेला तर हे आरक्षण नाहीच.

पण तिकीट द्यायला कुठली घटनादुरुस्ती लागते? २०१९ ला विधानसभेत २८८ पैकी २४ बायका होत्या, २०२४ ला २१ झाल्या. म्हणजे कायदा पास झाल्यावरच्या पहिल्याच निवडणुकीत आकडा खाली आला, याचा मला मनापासून राग येतो. जिल्हा परिषद-पंचायत समितीत ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे, तिथे दहा-दहा वर्षं काम केलेल्या बायका प्रत्येक तालुक्यात सापडतील, त्यांना विधानसभेचं तिकीट का नाही? त्यामुळे सरळ विचारा, तुमच्या पक्षाच्या बैठकीत तुम्ही कुठल्या बाईचं नाव पुढे केलंत?

अजून एक. मार्च २०१० ला राज्यसभेत हेच विधेयक आलं तेव्हा १८६ विरुद्ध १ मतांनी पास झालं, आणि ते एक विरोधी मत आपल्या शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचं होतं. त्यांचा आक्षेप फिरत्या मतदारसंघांवर होता, आज राखीव उद्या खुला असं झालं तर कोण कशाला मतदारसंघ बांधेल. मला ते मत पटत नाही. पण याच माणसाने १९८६ ला चांदवडला शेतकरी बायकांचं एवढं मोठं अधिवेशन घेतलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीत शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. नुसतं कुठल्या बाजूने बोलले यावरून पुढाऱ्याची पारख होत नाही, सातबाऱ्यावर काय उतरलं ते बघायचं.

सीमावासी खानापूर
मी पलीकडचाच. १९५६ च्या आधी चंदगड तालुका आमच्याच बेळगाव जिल्ह्यात होता, तो कोल्हापूरला गेला आणि आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो. सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ ला २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला द्या म्हटलं, बेळगाव मात्र कर्नाटकातच ठेवलं, ते महाराष्ट्राने मान्य केलं नाही. आपली मागणी पहिल्यापासून एकच, खेडं हा घटक धरा, सलगता बघा, भाषिक बहुसंख्या बघा आणि लोकांची इच्छा विचारा. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे. कर्नाटकाचं म्हणणं, राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार फक्त संसदेचा, घटनेचं कलम ३, कोर्टाला त्यात पडता येत नाही. म्हणजे कोर्ट किंवा संसद, आमदार दोन्हीकडे नाही.

विधानसभेने २७ डिसेंबर २०२२ ला सीमाभागातली ८६५ गावं महाराष्ट्रात आणायचा ठराव एकमताने केला, आम्हाला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आमची रोजची गरज वेगळी आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना त्या ८६५ गावांना लागू केलीय ना, आईला घेऊन कोल्हापूरला एका दवाखान्यात गेलो तर काउंटरवरच्या माणसाला ही योजना सीमाभागाला आहे हेच माहीत नव्हतं, आणि आई तोपर्यंत बाकड्यावर बसून. आदेश निघाला आणि तो खाली पोचलाच नाही. हे काम आमदाराचं, कलेक्टरला आणि दवाखान्याला फोन लावून करून घ्यायचं. पोरांच्या मेडिकल-इंजिनिअरिंगच्या सीमाभागाच्या जागांचंही तसंच, माहितीअभावी पोरं फॉर्मच भरत नाहीत. बहिणीला विचारा, ती पण हेच सांगेल.

कोल्हापुरी वकील
खानापूरच्या दादांशी सहमत, फक्त ठराव अगदीच बिनकामाचा नाही. दावा महाराष्ट्र सरकारने केलाय, त्यामुळे वकील कोण, तारखेला तयारी किती, सीमाप्रश्नासाठी नेमलेले समन्वयक मंत्री सीमाभागात कधी गेले, हे सरकारला सभागृहात विचारायचा हक्क आमदाराला आहे. तो त्यांनी वापरला का, एवढं विचारा.

सहकार खात्यातला निवृत्त
बँकेचं मी सांगतो, अख्खी नोकरी ऑडिटमध्ये गेली. निर्बंध लावायचे, लायसन्स रद्द करायचं, विलीनीकरण मंजूर करायचं हे रिझर्व्ह बँकेचं काम. मुंबईची पीएमसी सहकारी बँक बुडाली, सप्टेंबर २०१९ ला निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते, लोक शाखेसमोर रडत होते, त्यानंतर २०२० ला बँकिंग कायदा बदलून नागरी बँकांवर रिझर्व्ह बँकेची पकड अजून घट्ट केली. आपल्याकडचे बरेच पुढारी तेव्हा सहकार मोडतोय म्हणून ओरडले. मला विचाराल तर तो बदल व्हायलाच हवा होता, कारण संचालकाच्या पाहुण्याला तारण न बघता दिलेलं कर्ज मी कागदावर बघितलंय, एकाच जमिनीचं मूल्यांकन दोन फायलींत दोन वेगळं.

पण अर्धी चावी अजून राज्याकडे आहे. राज्याच्या सहकार कायद्यातल्या कलम ८३ ची चौकशी आणि कलम ८८ खाली संचालकांवर जबाबदारी निश्चित करणं, हे सहकार खात्याचं. चौकशी अधिकारी नेमतात, तो वर्षानुवर्षं तारखा देतो, अहवाल यायच्या बेताला कुणीतरी अपिलात जातं आणि स्थगिती मिळते. इथं आमदार लक्षवेधी लावू शकतो, तारांकित प्रश्न टाकू शकतो. तुमच्या बँकेची ८८ ची चौकशी कुठे अडकलीय आणि साहेबांनी त्यावर एकदा तरी प्रश्न टाकला का, हे विचारा. आणि संचालकांत त्यांचं कोण बसलंय तेही.

रानजाईताईंच्या मुद्द्यालाही हे लागून आहे. सहकारी संस्थेच्या संचालक मंडळात दोन जागा बायकांना राखीव आहेत. बऱ्याच ठिकाणी त्या जागांवर संचालकांच्याच घरातल्या बायका, सभेचं रजिस्टर सहीसाठी घरी जातं. उलट म्हसवडला माणदेशी महिला बँकेच्या बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून आधी परवाना नाकारला होता, त्या पुन्हा गेल्या आणि रिझर्व्ह बँकेच्या साहेबांना म्हणाल्या आमचा हिशेब तपासा, १९९७ ला बँक उभी राहिली.

गडहिंग्लजकर, वडिलांची ठेव किती?

गडहिंग्लजकर
सगळ्यांचे मनापासून आभार. व्याजासकट ४ लाखांच्या आसपास. निर्बंध येऊन चार महिने झाले, शाखेत विचारलं की वरून काही आलं नाही म्हणतात.

सहकार खात्यातला निवृत्त
मग साहेबांची वाट बघू नका. ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे, मुद्दल-व्याज मिळून, त्या बँकेतल्या सगळ्या शाखांची खाती एकत्र धरून. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यापासून साधारण ९० दिवसांत ठेव विमा महामंडळाने पैसे द्यायचे असतात, पण ठेवीदाराचं संमतीपत्र आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा नंबर बँकेने पाठवलेला असावा लागतो. केवायसी जुनी असेल तरी नाव यादीतून राहतं. वडिलांना घेऊन शाखेत जा, फॉर्म भरा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.