मदत हवी आहे: सुट्टीत मुलांना घराजवळ, कमी खर्चात कुठे नेता येईल?

अबोली
सुट्टी लागल्यापासून दोघांनी घर डोक्यावर घेतलंय. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "आज कुठे जायचं?" बाग झाली. मॉल झाला, आत शिरायला पैसे पडत नाहीत, पण बाहेर पडेपर्यंत हट्टापायी पाकीट हलकं होतं. गावाला जाणं यंदा जमणार नाही. वॉटर पार्क, रिसॉर्ट कृपया सुचवू नका, तो खर्च झेपणार नाही. घराजवळ, जवळपास फुकटात, दोन-तीन तास मुलं रमतील असं काय करता येईल? नुसती ठिकाणांची नावं नकोत. तिथे नेऊन करायचं काय, तेही सांगा. बागेत पोचून अर्धा तास होत नाही तोच "आता काय?" सुरू होतं आणि माझं घोडं तिथेच अडतं.
जरा लवकर सांगा, उद्या सकाळी परत तोच प्रश्न आहे.

पाऊलवाट
मुलांची वयं काय? गाव कोणतं? गाडी आहे का? सकाळी नेणार की संध्याकाळी? यातलं काहीच लिहिलं नाहीये. तीन वर्षांच्या मुलाला जे चालतं ते तेराच्याला चालत नाही.

धडपड्या
वॉटर पार्कचा हंगामी पास काढला तर माणशी स्वस्त पडतं. आठवड्याच्या मधल्या वारी गर्दीही नसते. आम्ही तेच करतो.

पाऊलवाट
@धडपड्या, वॉटर पार्क नको असं धाग्यातच लिहिलंय हो.

निवृत्त
न्यायला कशाला हवं? कंटाळू द्या की मुलांना. कंटाळा आला की मुलं आपापले खेळ शोधतात, हे मी दोन पिढ्यांत पाहिलंय. घरात चादरीचा तंबू करा, रिकामी खोकी द्या, बाजूला व्हा.

विद्यार्थीमित्र
सुट्टी वाया घालवू नका. रोज तासभर पाढे आणि शुद्धलेखन करून घ्या. पुढच्या वर्षी वर्गात फरक दिसतो.

अबोली
मुलगी अकरा वर्षांची, मुलगा चार. गाव मुद्दाम लिहिलेलं नाही. मुलं रोज कुठे जातात हे मला उघड्यावर सांगायचं नाही. गाडी नाही, बस आणि पाय. @निवृत्त काका, तंबू-खोकी सगळं मान्य, पण ह्यांची रात्रपाळी असते, दिवसा झोपतात. घरात खेळ म्हटलं की आवाज आलाच. म्हणून सकाळी बाहेर पडावंच लागतं. शिवाय मुलीला धाकट्याच्या खेळात रस नाही आणि तिच्याइतकं त्याला चालवत नाही.
विद्यार्थीमित्र, पाढ्यांचं नंतर बघू.

पाऊलवाट
रात्रपाळीचं कळलं, आता बोलता येईल. ऊन चढायच्या आत बाहेर पडायचं आणि दहाच्या सुमारास घरी किंवा छपराखाली.
माझं ठाम मत: रोज नवी जागा शोधू नका. जागा तीच, काम रोज नवं. थोरलीला काम द्या, धाकटा आपोआप तिच्या मागे लागतो. बागेत एक सरळ काठी जमिनीत उभी रोवा. दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचं काम धाकट्याचं, मोजून वहीत लिहायचं काम थोरलीचं. एखाद्या सुट्टीच्या दिवशी भर दुपारपर्यंत थांबता आलं, तर सर्वांत आखूड सावली सापडते. ती बरोबर उत्तर-दक्षिण पडते, मुलांना दिशा स्वतः सापडल्याचा आनंद होतो. साडेतेवीस अंश उत्तर ते साडेतेवीस अंश दक्षिण या पट्ट्यात राहत असाल, तर वर्षातून दोनदा उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सीमारेषेवरच असाल तर एकदाच. तो दिवस गावागणिक वेगळा, आपल्या गावाचा शोधून ठेवा.
अकरा वर्षांच्या मुलीला एराटोस्थेनीसची गोष्ट जरूर सांगा. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात या माणसाने सावलीवरून पृथ्वीचा घेर काढला. एका गावी विहिरीच्या तळाशी ऊन पोचतं, त्याच दिवशी दुसऱ्या गावी सावली सुमारे सात अंशांनी कलते, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा जवळजवळ पन्नासावा भाग. दोन गावांतलं अंतर पन्नासने गुणलं की झालं. भागाकार-गुणाकार येणाऱ्या मुलीला हे पूर्ण समजतं.

विद्यार्थीमित्र
हेच तर मी म्हणत होतो, गणित.

प्राजक्त
सावली छान आहे, पण चार वर्षांचं मूल अर्धा तास खड्यासाठी थांबणार नाही. त्याला हलतं काहीतरी लागतं. आमचा उपाय म्हणजे एक झाड निवडणं. बागेतलं कुठलंही मोठं झाड. आज खोडावर काय चालतंय ते बघायचं, उद्या पानांच्या मागची बाजू, परवा खाली पडलेलं सगळं गोळा करून रंगाप्रमाणे मांडायचं. मुंग्यांची रांग कुठून निघते आणि कुठे पोचते यात आमची तासाभराची निश्चिंती होते. थोरलीच्या हाती सीक नावाचं ॲप द्या. कॅमेरा किड्यावर किंवा पानावर धरला की नाव सुचवतं, आणि खातं उघडावं लागत नाही, त्यामुळे मुलांना द्यायला बरं.

निवृत्त
म्हणजे बागेत नेऊनही फोनच. मग घरी काय वाईट होतं? पान हातात घ्या, वास घ्या, वहीत दाबून ठेवा. नाव कळलं की मुलं बघणं थांबवतात.

प्राजक्त
काका, माझ्या मुलाला उलट नाव कळलं की तो पुढचं शोधायला पळतो. फोन माझ्याच हातात असतो, तो फक्त "इथे लाव" म्हणतो.

निवृत्त
तुमचा मुलगा तसा असेल. सगळे नसतात.

अबोली
झाड आणि सावली दोन्ही करता येईल. फोनवरून इथे भांडू नका, मला वेळ कमी आहे. ऊन लवकर तापतं त्या दिवशी काय? आणि लागतं ते आधीच सांगा, ऐन वेळी सामान शोधत बसायला नको.

शुश्रूषा
मी नर्स आहे, म्हणून माझा मुद्दा वेगळा. मुलांना एक सोपा नियम शिकवा: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की सावलीत जायचं. सकाळी दहा ते दुपारी चार ऊन सर्वांत तीव्र असतं, त्याची ही खूण मुलांना स्वतःला दिसते, आईला ओरडावं लागत नाही. लोखंडी घसरगुंडीवर बसवण्याआधी हाताने चाचपून बघा. तहान लागायची वाट न बघता पाणी पाजत राहा. मूल सुस्त झालं, उलटी झाली, गोंधळल्यासारखं बोलू लागलं तर खेळ थांबवून लगेच सावलीत न्या, अंग ओलं करा, वारा घाला आणि डॉक्टर गाठा.
पाण्याच्या खेळाबद्दल कुणी लिहिण्याआधी सांगते. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना बहुतेक वेळा आवाज होत नाही. टब, बादली, उथळ कारंजं काहीही असो, हाताच्या अंतरावर मोठं माणूस हवं आणि खेळ संपताच पाणी ओतून टाकायचं. थोरलीला "भावाकडे बघ" असं सांगून तिच्यावर सोडू नका, अकरा वर्षांची मुलगी म्हणजे राखणदार नव्हे.

धडपड्या
आणि बंद गाडीत मुलांना ठेवू नका. काच थोडी उघडी असली तरी आतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढतं.

अबोली
गाडी नाही हो आमच्याकडे. पण शुश्रूषाताई, सावलीचा नियम फार कामाचा आहे, आणि थोरलीबद्दलचंही पटलं.

दुर्बीण
सकाळवरच का अडलात? रात्री ते कामावर गेले की गच्ची तुमचीच. जेवणं झाली की वर जायचं, खर्च शून्य. चंद्रापासून सुरुवात करा. पौर्णिमेला नाही, शुक्ल अष्टमीच्या आसपास. अर्ध्या चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, साध्या दुर्बिणीतून खड्डे स्पष्ट दिसतात. गुरू आकाशात असेल तर दुर्बीण कठड्यावर टेकवून धरा, त्याचे चार मोठे चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात. गॅलिलिओने 1610 मध्ये तेच पाहिले. काहीच नसेल तरी अंतराळ स्थानक नुसत्या डोळ्यांनी दिसतं: सूर्यास्तानंतर थोड्या वेळाने, न लुकलुकता सरकणारा तेजस्वी ठिपका. ते साधारण दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारतं. आपल्या गावावरून कधी जाणार त्या वेळा आधी बघून ठेवायच्या.
मे महिन्यात 5-6 तारखेच्या आसपास पहाटे उल्काही दिसतात, हॅलेच्या धूमकेतूने मागे टाकलेल्या धुळीतून येणाऱ्या.

प्राजक्त
पहाटे चार वर्षांच्या मुलाला उठवून गच्चीवर? दिवसभर चिडचिड कोण सांभाळणार?

दुर्बीण
पहाटेचं थोरलीसाठी आहे. तिला एकटीला काहीतरी मिळायला नको का?

धडपड्या
दुर्बीण कोणती घ्यावी? दहापट मोठं दाखवणारी 10×50 की सातपट दाखवणारी 7×50? टेलिस्कोपच घेतला तर?

दुर्बीण
टेलिस्कोप आत्ता नको. 7×50 हलत्या हातात स्थिर राहते, मुलांना तीच बरी. 10×50 ला टेकू लागतो. लेन्सवरचं कोटिंग मात्र

पाऊलवाट
दुर्बिणीसाठी वेगळा धागा काढा ना. अबोलीताईंनी कमी खर्चाचं विचारलंय.

अबोली
दुर्बीण शेजाऱ्यांकडून मागून आणता येईल. गच्चीला कठडा आहे, पण धाकट्याच्या उंचीला तो पुरेसा नाही, त्याचा हात मी सोडणार नाही. अष्टमीचं कॅलेंडरात बघितलं, याच आठवड्यात आहे.
अजून एक. ऊन फार असेल तेव्हा छपराखाली काय? घरी तर झोपलेले असतात.

वाचनवेडी
सार्वजनिक वाचनालय! बालविभाग असेल तर धाकट्याला जमिनीवर पुस्तकं पसरून बसू देतात का ते आधी विचारून घ्या. थोरलीला भावासाठी एक पुस्तक निवडायचं काम द्या आणि संध्याकाळी तिनेच त्याला वाचून दाखवायचं. दुसरी जागा संग्रहालय. 18 मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, 1977 पासून पाळला जातो, त्या दिवशी बरीच संग्रहालयं प्रवेश मोफत ठेवतात. सगळं बघायचा प्रयत्न करू नका, एकच दालन घ्या. धाकट्याने प्राणी मोजायचे: मूर्तींवर, नाण्यांवर, चित्रांत जिथे असतील तिथे. थोरलीने एकच वस्तू निवडून समोर बसून तिचं चित्र काढायचं. पेन्सिलच न्या, पेन बहुतेक ठिकाणी चालत नाही.

निवृत्त
हे चांगलं आहे. आमच्या इथे बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत यायचंही मुलांना फार आवडायचं. खिडकी मिळाली पाहिजे.

अबोली
खिडकी आणि शेवटचा थांबा, हे धाकट्याला वेड लावणारं आहे. काका, आभार.
उद्या झाड आणि काठी. वही, दोरी, पट्टी, टोप्या, पाण्याच्या बाटल्या आत्ताच पिशवीत भरल्या. परवा वाचनालय, फोन करून बालविभागाच्या वेळा विचारते. फक्त एक राहिलं: बागेत काठी रोवायला रखवालदार हरकत घेतो का? आमच्याकडचा हिरवळीवर पाय टाकू देत नाही.

प्राजक्त
रोवूच नका. पाण्याची बाटली किंवा उभी काठी फरशीवर कुंडीला टेकवा आणि खडूने खुणा करा. तो नाही म्हणाला तर घराच्या अंगणात.

अबोली
अंगण नाही, पण इमारतीच्या मागे मोकळी फरशी आहे. खडू टाकते पिशवीत.