आजाऱ्याजवळ बसायला येणाऱ्यांना काय सांगावं?

चौथी खुर्ची
आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास मी डायलिसिसच्या खुर्चीत असते. डाव्या हातात फिश्चुला (डायलिसिससाठी ऑपरेशन करून धमनीला जोडलेली शीर), त्यात दोन सुया, म्हणजे तो हात हलवायचा नाही. उरलेल्या एका हाताने पुस्तक धरता येतं किंवा पान उलटता येतं, दोन्ही नाही. आमच्याकडे एका संस्थेचे स्वयंसेवक येतात. माणसं चांगली आहेत. येतात, हसतात, "आज छान दिसताय" म्हणतात (तेव्हा बीपी पडून माझ्या पोटऱ्यांत पेटके आलेले असतात) आणि फळं वाटतात. पोटॅशियममुळे आमच्यातल्या बऱ्याच जणांना त्यातली निम्मी फळं वर्ज्य असतात. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. मग कुणी सरबताचा पेला पुढे केला की नाही म्हणा, का नाही ते सांगा, आणि वर त्यांना वाईट वाटलं नाही ना हेही बघा. दुसऱ्याच्या चांगुलपणाची अशी सरबराई करण्यात मशीनपेक्षा जास्त दमायला होतं.

एक गृहस्थ मात्र बुधवारी शब्दकोडं घेऊन येतात. "आडवे चौदा, पाच अक्षरी" एवढंच बोलणं. माझं उत्तर चुकलं तर सरळ "चूक" म्हणतात. आजारी पडल्यापासून माझं काही चुकतं असं दुसरं कुणी म्हणतच नाही हो!

आता त्याच संस्थेने मला नव्या तुकडीशी बोलायला बोलावलंय. नुसती तक्रारींची यादी वाचायची नाहीये. अनोळखी आजाऱ्याकडे जाऊन बसायचं हे सुरू कसं झालं? पूर्वीच्या लोकांनी यावर डोकं चालवलं असेलच ना? जाणकारांनी सांगावं.

जुनी पानं
ताई, तुमची फळांची गोष्ट चारशे वर्षं जुनी आहे. 1617 साली फ्रान्समधल्या शातियों नावाच्या गावात व्हिन्सेंट डी पॉल हे धर्मगुरू होते. गावाबाहेरच्या एका घरातली सगळी माणसं आजारी पडली. त्यांनी प्रवचनात ते सांगितलं आणि दुपारी अख्खा गाव खाण्यापिण्याचं घेऊन त्या घराकडे लोटला. व्हिन्सेंटना पहिला प्रश्न पडला तो असा, की आज हे सगळं नासून जाणार, आणि पुढच्या आठवड्यात? दया भरपूर होती, तिची घडी बसलेली नव्हती. मग त्यांनी गावातल्या बायकांचं मंडळ केलं, पाळ्या लावल्या आणि नियम लिहून काढले.

त्यातला एक नियम मला फार आवडतो. ज्या आजाऱ्याजवळ घरचं कुणी आहे त्याच्याकडे आधी जायचं आणि जो एकटा आहे त्याच्याकडे शेवटी, म्हणजे त्याच्याजवळ जास्त वेळ बसता येतं. हे लिहिणाऱ्याने आजाऱ्यांच्या घरी बराच वेळ काढला असणार. नुसत्या कनवाळूपणातून असलं सुचत नाही.

रात्रपाळी
मी नर्स आहे. नव्या तुकडीला आधी हे सांगा: फिश्चुलाच्या हाताला हात लावायचा नाही, त्यावर पिशवी टेकवायची नाही, खायला-प्यायला देण्याआधी आम्हाला विचारायचं, सर्दी-खोकला असेल तर घरी थांबायचं. बाकी इतिहास नंतर.

आणि ताई, थोडं टोचेल, पण "छान दिसताय" म्हणणाऱ्यांना झोडू नका. कोपऱ्यातल्या एखाद्या पेशंटला दिवसभरात तेवढंच कुणी बोललेलं असतं. मला राग येतो तो "पुढच्या वेळी नक्की येतो" म्हणून न येणाऱ्यांचा. पेशंट दाराकडे बघत बसतो आणि "कधी येणार?" हे आम्हाला विचारतो.

ओ निगेटिव्ह
आभाराच्या ओझ्याबद्दल. ऑक्टोबर 1921 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलला तातडीने रक्तदाता हवा होता. त्यांनी कॅम्बरवेलच्या रेडक्रॉस शाखेला फोन केला. तिथले सचिव पर्सी ऑलिव्हर काही सहकाऱ्यांना घेऊन गेले आणि त्यांच्यातल्या एका परिचारिकेचं रक्त घेतलं गेलं. त्यातून ऑलिव्हर यांनी विनामोबदला रक्तदात्यांची यादी उभी केली. कार्यालय म्हणजे त्यांचं घर. नवरा-बायको दोघं फोन घ्यायचे आणि दात्यांना हाका घालायचे. साठवलेलं रक्त तेव्हा हाताशी नसायचं, दात्याला स्वतःच जावं लागायचं.

आता माझी पिशवी कुणाला चढली ते मला कळत नाही आणि त्यालाही मी माहीत नसतो. दोघंही सुटलो.

चौथी खुर्ची
@ओ निगेटिव्ह, तुमची पिशवी बोलत नाही, हे तिचं भाग्य! आमच्याकडे समोर चेहरा असतो आणि त्याला हसून उत्तर द्यावंच लागतं.

@रात्रपाळी, टोचलं, पण पटलं. कोपऱ्यातल्या आजोबांचा विचार मी केला नव्हता.

एकदा झालेली
टेरीस लॅसर यांचंही सांगा. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर 1952 मध्ये त्या न्यूयॉर्कमध्ये तशाच इतर बायकांना भेटायला जाऊ लागल्या. बरोबर हाताच्या व्यायामासाठी चेंडू आणि दोरी. सर्जन लोकांना ते रुचलं नव्हतं, रुग्णाला सल्ला देणारी ही कोण म्हणून. 1969 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीनेच तो उपक्रम हाती घेतला. माझ्याकडेही अशीच एक बाई आली होती. तिने हात डोक्यावर नेऊन दाखवला. डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं, पण मला ते पटलं तिचा हात वर गेल्यावर.

चौथी खुर्ची
म्हणजे खुर्चीतल्या माणसानेही कुणाला काही द्यावं. आमच्याकडे नव्याने डायलिसिस सुरू झालेले लोक पहिल्या सुईला पांढरेफटक पडतात. त्यांच्या शेजारची खुर्ची मला द्या, असं सिस्टरना विचारणार आहे.

संस्थेला दोन गोष्टी मागते. एक, पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लावा, म्हणजे कोण कधी येणार ते आम्हालाही कळेल. दुसरं, त्या तक्त्यात आमच्यासाठी एक रकाना ठेवा. त्यात "आज नको" एवढं लिहिता आलं पाहिजे, कारण न सांगता.

रात्रपाळी
तो रकाना आम्हा नर्सेसनाही हवाय. तक्ता झाला की फोटो टाका.